बटणावरचा दुसरा हँडलर

डिसेंबर २०१२

ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर मॉडर्नायझर २.६.२ नावाची एक जावास्क्रिप्ट फाइल आहे. समोरच्या ब्राउझरला काय जमतं आणि काय जमत नाही हे तपासून पानाला सांगायचं, एवढंच तिचं काम. ती मोफत मिळते आणि जगभर वापरली जाते. सर्व्हरच्या नोंदीत तिच्यापुढे शेवटच्या बदलाची तारीख आहे डिसेंबर २०१२.

पुढची साडेपाच वर्षं ही तारीख बदलत नाही. चालत्या फाइलला हात लावायचा नाही असा या धंद्यातला रिवाज आहे, आणि बहुतेक वेळा तो शहाणपणाचा ठरतो. मात्र जिच्याकडे कोणी बघत नाही अशी फाइल एके दिवशी बदलली, तर ते कळावं कसं, याची सोय या रिवाजात नाही.

२३ जून २०१६

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ‘सबरिसोर्स इंटिग्रिटी’ हे मानक अंतिम करतं. पानात प्रत्येक स्क्रिप्टशेजारी तिचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली खूण, लिहून ठेवायचा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हॅश जुळत नाही आणि ब्राउझर ती फाइल चालवत नाही.

‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ त्याच्याही आधीपासून आहे. पानावरच्या कोडने कोणकोणत्या पत्त्यांशी बोलावं याची यादी ब्राउझरला द्यायची. यादीबाहेरचा पत्ता आला की पाठवणी तिथेच थांबते.

दोन्ही ऐच्छिक.

शुक्रवार, २५ मे २०१८

युरोपात जीडीपीआर लागू होतो. ब्रिटन अजून युरोपीय संघात आहे. ग्राहकांची माहिती फुटल्याचं कळलं की नियामकाला ७२ तासांत कळवायचं. दंडाची कमाल मर्यादा २ कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती.

शुक्रवार, २२ जून २०१८

अठ्ठावीस दिवसांनी ब्रिटिश एअरवेजच्या जाळ्यात कोणीतरी लॉगिन करतं. खातं स्विसपोर्ट या कंत्राटदार कंपनीच्या एका वापरकर्त्याचं आहे, त्रिनिदाद आणि टोबॅगोमधल्या. पासवर्ड बरोबर आहे. बाहेरच्या कंपन्यांच्या लोकांनी आत यायचं ते सिट्रिक्स या दूरस्थ प्रवेशाच्या प्रणालीच्या दारातून, आणि या खात्याला त्या दारावर दुसरी ओळखतपासणी लावलेली नाही. फोनवर येणारा कोड वगैरे काही नाही. पासवर्ड बरोबर म्हणजे माणूस बरोबर.

सिट्रिक्सच्या चौकटीत बाहेरच्या माणसाला मोजकीच कामं करता यावीत अशी कल्पना असते. हल्लेखोर त्या चौकटीबाहेर पडतो. आत शोधाशोध करताना त्याला एक फाइल सापडते. तिच्यात डोमेन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड साध्या मजकुरात लिहिलेले आहेत. या खात्याने जाळ्यातलं जवळजवळ काहीही उघडता येतं.

कंपनीत कोणालाही काही कळत नाही.

बुधवार, २७ जून २०१८

तिकीटमास्टरची ब्रिटिश शाखा जाहीर करते की तिच्या ग्राहकांची कार्डांची माहिती चोरीला गेली आहे. चोरी झाली ती पानावर बसवलेल्या, दुसऱ्या कंपनीने पुरवलेल्या चॅटबॉटच्या जावास्क्रिप्टमधून. मोन्झो या बँकेला एप्रिलमध्येच संशय आला होता आणि तिने तो तिकीटमास्टरला सांगितलाही होता.

९ जुलैला सुरक्षा क्षेत्रातली रिस्कआयक्यू ही कंपनी अहवाल काढते. तिकीटमास्टरचं प्रकरण एकटंदुकटं नाही, असं त्यात म्हटलं आहे. ‘मेजकार्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांनी ८००हून जास्त दुकानी संकेतस्थळांवर हाच उद्योग केला आहे. पद्धत सगळीकडे एकच. डेटाबेस फोडायचा नाही. ग्राहक ज्या पानावर कार्डाचा नंबर टाइप करतो त्या पानातल्या एखाद्या स्क्रिप्टला चार ओळी चिकटवायच्या.

अहवाल सर्वांसाठी खुला आहे. ब्रिटिश एअरवेजच्या जाळ्यात शिरलेला माणूस तिथे येऊन सतरा दिवस झाले आहेत.

गुरुवार, २६ जुलै २०१८

हल्लेखोराच्या हाती काही लॉग फाइली लागतात. मैलांच्या मोबदल्यात काढलेल्या तिकिटांचे व्यवहार त्यांत आहेत, आणि त्या व्यवहारांत वापरलेल्या कार्डांची माहितीसुद्धा, साध्या मजकुरात.

ती तिथे असायला नको होती. लॉगमध्ये कार्डाची माहिती उतरवणारी सोय फक्त चाचणीपुरती होती. डिसेंबर २०१५ पासून ती प्रत्यक्ष यंत्रणेत चालूच राहिली. चाचणी संपल्यावर बंद करायची राहून गेली, एवढंच त्याचं कारण. लॉग ९५ दिवसांनी पुसले जात होते, म्हणून अडीच वर्षांऐवजी ९५ दिवसांची माहिती मिळाली. सुमारे १,०८,००० कार्डं.

चोरी इथे थांबली असती तरी प्रकरण मोठंच होतं. पण लॉगमधली माहिती जुनी होत जाते. आत्ता, या क्षणी टाइप होणारी कार्डं दुसरीकडे आहेत.

बुधवार, १५ ऑगस्ट २०१८

बीएवेज डॉट कॉम या नावासाठी कोमोडो ही संस्था एक सुरक्षा प्रमाणपत्र देते. मोफत प्रमाणपत्रं सहज मिळत असताना हे पैसे मोजून घेतलं आहे. सर्व्हर रोमानियात आहे, भाड्याने देणारी कंपनी लिथुएनियातली. नाव ओझरतं वाचलं तर विमान कंपनीचंच वाटावं.

प्रमाणपत्राची गरज दिखाव्यापुरती नव्हती. पैसे भरण्याचं पान सुरक्षित जोडणीवर चालतं, आणि अशा पानावरचा कोड असुरक्षित पत्त्यावर माहिती पाठवू लागला तर ब्राउझर त्याला अडवतो. चोरीच्या मालाच्या पत्त्यालाही कुलपाचं चिन्ह लागतं.

मंगळवार, २१ ऑगस्ट २०१८, रात्री ९:४९:१८

(वेळ ब्रिटनची. ग्रीनिच घड्याळात ८:४९:१८.)

मॉडर्नायझर फाइलपुढची तारीख साडेपाच वर्षांनी बदलते.

फाइलचं जुनं काम जसंच्या तसं चालू आहे. तिच्या तळाशी २२ ओळी वाढल्या आहेत.

त्या ओळींत दुर्बोध असं काही नाही. वेब प्रोग्रॅमिंग सहा महिने शिकलेला विद्यार्थी त्या वाचू शकेल. पान पूर्ण उघडलं की ‘सबमिटबटन’ हे नाव असलेलं बटण शोधायचं. त्यावर दोन घटनांसाठी हँडलर, म्हणजे घटना घडताच चालणारं फंक्शन, बांधायचा: ‘माउसअप’ म्हणजे माउसवरून बोट उचललं जाणं, आणि ‘टचएंड’ म्हणजे फोनच्या काचेवरून बोट उचललं जाणं. यांपैकी काहीही घडलं की ‘पेमेंटफॉर्म’मधल्या सगळ्या रकान्यांतला मजकूर गोळा करायचा. पैसे कोण भरतंय ते नाव-पत्त्याच्या चौकोनातून उचलायचं. सगळ्याचं एक गाठोडं करायचं. ५०० मिलिसेकंद थांबायचं. मग ते बीएवेज डॉट कॉमवर पाठवून द्यायचं.

हँडलर बांधण्यासाठी जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीतली ‘बाइंड’ ही पद्धत वापरली आहे. ती जुनी आहे. २०११ मध्ये तिची जागा ‘ऑन’ने घेतली आणि २०१६ मध्ये जेक्वेरीकारांनी ती वापरू नका म्हणून सांगितलं. त्या २२ ओळींत जेक्वेरी स्वतः नाही. ते पानावर आधीच होतं. चोराने हत्यारसुद्धा घरातलंच वापरलं.

‘टचएंड’ वाचून थांबावं लागतं. कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपमधली काही पानं संकेतस्थळावरचेच घटक उचलून दाखवत होती. लिहिणाऱ्याने अ‍ॅप वापरणाऱ्यांचाही विचार केला होता. रकान्यांची नावं, बटणाचं नाव, नाव-पत्त्याच्या चौकोनाचं नाव, सगळं या एका पानाच्या मापाने बेतलेलं होतं.

एक दुवा मात्र कच्चा होता. ‘पान पूर्ण उघडलं की’ हे सांगण्यासाठी हल्लेखोराने पानाच्या ‘ऑनलोड’ या गुणधर्मात थेट आपलं फंक्शन भरलं. त्या जागेत एका वेळी एकच फंक्शन मावतं, नवं आलं की जुनं जातं. कंपनीच्याच एखाद्या स्क्रिप्टने त्यानंतर तिथे स्वतःचं काही लिहिलं असतं, तर ही २२ ओळींची यंत्रणा कोणाच्याही नकळत पुसली गेली असती. तसं घडलं नाही.

रात्री १०:५८

ब्रिटिश एअरवेजने पुढे जाहीर केलेली चोरीच्या सुरुवातीची वेळ ही. फाइल बदलून ६९ मिनिटं होत आली आहेत.

बटणाचं मूळ काम चालूच आहे. फॉर्म कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, बँक पैसे मंजूर करते, तिकिटाचा क्रमांक पडद्यावर येतो, ई-मेल येतो. ग्राहकाच्या बाजूने व्यवहार निर्दोष आहे. एकाच बेलच्या दोन तारा दोन घरांत ओढल्या, तर बटण दाबणाऱ्याला फक्त समोरचं दार उघडलेलं दिसतं.

ब्राउझरच्या रचनेत हे बसतं. एका बटणावर कितीही हँडलर बांधता येतात. एकाला दुसऱ्याची खबर नसते. कोणी बांधला, कोणत्या फाइलमधून बांधला, याची चौकशी ब्राउझर करत नाही. पानात आलेली प्रत्येक स्क्रिप्ट त्याच्या लेखी घरातलीच असते. बीएवेज हे परकं डोमेन आहे, पण परक्या डोमेनला साधा मजकूर पाठवायलाही ब्राउझर हरकत घेत नाही. तिथून आलेलं उत्तर वाचायला तो मज्जाव करतो. इथे उत्तराची कोणाला गरजच नव्हती.

रात्री ११:५८

पहिला तास संपतो. पंधरवड्याचा अंतिम हिशेब लागल्यावर काढलेल्या सरासरीने तासाला सुमारे ६८० कार्डं. मिनिटाला अकरा.

बुधवार, २२ ऑगस्ट

ऑफिसं उघडतात. कंपनीच्या वेब विभागात कोणाला काही वेगळं दिसण्याचं कारण नाही. पान वेगाने उघडतंय. विक्री चालू आहे. चुकांच्या नोंदी वाढलेल्या नाहीत, कारण काहीच चुकलेलं नाही.

प्रोग्रॅमर मंडळींत हँडलरच्या साफसफाईचा विषय निघतो, पण तो वेगळ्या कारणाने. बांधलेला हँडलर वेळेवर सोडला नाही तर मेमरी अडकून राहते. त्याच कामाचा हँडलर चुकून दोनदा बांधला गेला तर एका क्लिकवर दोन ऑर्डरी जाऊ शकतात. म्हणून ‘अ‍ॅड’ला ‘रिमूव्ह’ची जोडी आणि ‘बाइंड’ला ‘अनबाइंड’ची. काढताना तेच फंक्शन पुन्हा दाखवावं लागतं जे बांधताना दिलं होतं. निनावी फंक्शन देऊन बांधलं असेल तर नंतर कोणतं सोडा म्हणून सांगायची पंचाईत. बरेच नवशिके याच ठिकाणी एखादी दुपार घालवतात. पुढे एकाच खुणेने अनेक हँडलर एकदम सोडवायची सोयही झाली.

ही सगळी शिस्त आपण स्वतः बांधलेल्या हँडलरांची आहे. या बटणावर एकूण कोण कोण बसलंय, असं पानातल्या कोडने ब्राउझरला विचारायचं म्हटलं तर त्यासाठी मानकात शब्दच नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ती यादी दिसते. त्यासाठी कोणीतरी माणसाने पैसे भरण्याचं पान उघडून, बटण निवडून, ती यादी वाचायला हवी, आणि तिथे किती नावं असायला हवीत हे त्याला आधीच माहीत हवं.

बुकिंगच्या पानावर तेव्हा सुमारे ३० स्क्रिप्ट येत होत्या.

गुरुवार, २३ ऑगस्ट ते सोमवार, २७ ऑगस्ट

उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दिवस. सोमवारी ब्रिटनच्या बहुतेक भागात बँक हॉलिडे.

या प्रत्येक दिवशी, प्रत्येक तासाला, कंपनीचा सर्व्हर स्वतःच एक गोष्ट सांगत होता. ब्राउझरने फाइल मागितली की सर्व्हर फाइलसोबत काही मथळे पाठवतो, आणि त्यांत फाइल शेवटची कधी बदलली हेही असतं. मॉडर्नायझर २.६.२ मागणाऱ्या प्रत्येकाला उत्तर जात होतं: २१ ऑगस्ट २०१८, २०:४९:१८. आवृत्ती २०१२ची आणि बदल गेल्या मंगळवारचा. हे उत्तर लाखो ब्राउझरांपर्यंत पोचलं. ब्राउझर ते फक्त फाइल पुन्हा उतरवायची की नाही हे ठरवायला वापरतात.

मंगळवार, २८ ऑगस्ट, रात्री १०:५८

सात दिवस पूर्ण.

कार्डाने पैसे घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला पीसीआय डीएसएस नावाची नियमावली लागू असते. तिच्या त्या वेळच्या आवृत्तीतलं कलम ११.५ सांगतं की महत्त्वाच्या फाइली बदलल्या आहेत का, याची तुलना आठवड्यातून निदान एकदा करावी. कोणत्या फाइली महत्त्वाच्या, हे ठरवायचं काम ज्याचं त्याचं. ब्राउझरची लायकी तपासणारी सहा वर्षांपूर्वीची मोफत फाइल महत्त्वाच्या यादीत घालावी असं सहसा कोणाला सुचत नाही. पैशांच्या पानावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला त्या पानावरचा प्रत्येक रकाना वाचता येतो. या हिशेबाने तिथे बिनमहत्त्वाची स्क्रिप्ट असूच शकत नाही. पण हा हिशेब २०१८ साली फार थोड्या ठिकाणी कागदावर होता.

सरासरीने एव्हाना १,१४,००० कार्डं.

मंगळवार, ४ सप्टेंबर, रात्री १०:५८

चौदा दिवस. आठवड्याचं दुसरं अंतरही पूर्ण.

बुधवार, ५ सप्टेंबर

कंपनीबाहेरचा कोणीतरी ब्रिटिश एअरवेजला कळवतो: तुमच्या संकेतस्थळावरून ग्राहकांची माहिती बीएवेज डॉट कॉमवर जाते आहे.

पहिल्या लॉगिनला अडीच महिने होत आले आहेत. पुढे ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने नोंदवलं की कंपनीने हा हल्ला स्वतः ओळखला नाही, आणि बाहेरून कोणी सांगितलं नसतं तर तो कधी ओळखला असता किंवा ओळखला असता का, हे स्पष्ट नाही.

कळल्यावर मात्र हालचाल जलद झाली. ९० मिनिटांच्या आत घातक कोड निकामी केला गेला. आणखी २० मिनिटांनी बीएवेजकडे जाणारे मार्ग बंद झाले.

रात्री ९:४५

कंपनीने जाहीर केलेली चोरी संपल्याची वेळ. २१ ऑगस्टच्या १०:५८ पासून मोजलं तर १४ दिवस, २२ तास, ४७ मिनिटं.

वेबची रीत पाहता या क्षणाला एक पुरवणी जोडावी लागते. सर्व्हरवरची फाइल साफ केली की त्यानंतर उघडणारी पानं साफ येतात. आधीच उघडलेल्या पानातला हँडलर सर्व्हरवर नसतो, तो ग्राहकाच्या ब्राउझरच्या मेमरीत असतो, आणि ते पान बंद होईपर्यंत किंवा पुन्हा लोड होईपर्यंत बांधलेलाच राहतो. ब्राउझरने फाइलची प्रत साठवून ठेवली असेल तर तिचाही प्रश्न उरतो. म्हणून नुसती फाइल पुसून भागत नाही, माल जिथे पोचतो तो रस्ताही बंद करावा लागतो. ती २० मिनिटं त्यासाठी.

गुरुवार, ६ सप्टेंबर

नियामक, बँका, कार्ड कंपन्या आणि ग्राहक यांना कळवलं जातं. ७२ तासांची मुदत पाळली गेली आहे. जाहीर आकडा ३,८०,००० व्यवहारांचा आहे. प्रवासाचा तपशील आणि पासपोर्टची माहिती गेलेली नाही, असं कंपनी सांगते. ते खरं आहे. हँडलर फक्त पैशांचा फॉर्म आणि पैसे भरणाऱ्याचं नाव-पत्ता वाचत होता.

सीव्हीव्ही, म्हणजे कार्डाच्या मागचे तीन आकडे, मात्र गेले आहेत. जाणकारांना एवढी खूण पुरते. व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवून ठेवायला कंपन्यांना मनाई आहे. जे साठवलेलंच नसतं ते चोरीला गेलं, म्हणजे टाइप होत असतानाच गेलं.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

मुख्य कार्यकारी अधिकारी अ‍ॅलेक्स क्रूझ बीबीसी रेडिओवर माफी मागतात. हल्ला अतिशय अत्याधुनिक होता असं ते म्हणतात. दुसरी ओळखतपासणी नसलेला एक लॉगिन, साध्या मजकुरातला एक पासवर्ड आणि वापरातून बाद ठरवलेल्या पद्धतीने बांधलेला एक हँडलर, हा त्या अत्याधुनिकतेचा ऐवज तोवर बाहेर आलेला नाही.

मंगळवार, ११ सप्टेंबर

रिस्कआयक्यू त्या २२ ओळी प्रसिद्ध करते. ब्रिटिश एअरवेजच्या सर्व्हरला हात न लावता त्यांनी त्या शोधल्या. ही कंपनी जगभरच्या पानांच्या प्रती नियमित साठवत असे. त्यांनी बुकिंगच्या पानावरच्या स्क्रिप्ट एकेक करून जुन्या प्रतींशी ताडून पाहिल्या, तेव्हा एकीत बदल दिसला. मग मथळ्यातली तारीख बघितली.

गुरुवार, २५ ऑक्टोबर २०१८

कंपनी आकडे सुधारते. ३,८०,००० पैकी प्रत्यक्षात फटका बसलेली कार्डं २,४४,०००. पण तपासात वेगळी १,८५,००० कार्डं सापडली आहेत, २१ एप्रिल ते २८ जुलै या काळात मैलांवर तिकीट काढणाऱ्यांची. त्यांतल्या ७७,००० कार्डांचे सीव्हीव्हीही गेले आहेत, उरलेल्या १,०८,००० कार्डांचे नाहीत.

सोमवार, ८ जुलै २०१९

माहिती आयुक्तांचं कार्यालय १८ कोटी ३३ लाख ९० हजार पौंडांचा दंड करण्याचा इरादा जाहीर करतं.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर २०२०

अंतिम आदेश. दंड २ कोटी पौंड. हिशेब ३ कोटींपासून सुरू झाला. कंपनीने नंतर केलेल्या उपायांबद्दल २० टक्के कमी झाले आणि कोविडमुळे आणखी ४० लाख. तरीही या कार्यालयाने तोवर केलेला हा सर्वात मोठा दंड. बाधित व्यक्तींची अंदाजे संख्या ४,२९,६१२.

दुसरी ओळखतपासणी, खात्यांना गरजेपुरतेच अधिकार, यंत्रणेच्या कसून चाचण्या, हे उपाय तेव्हा उपलब्ध होते असं आदेशात नोंदवलं आहे. त्यांतले काही तर कंपनी वापरत असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतच होते.

सबरिसोर्स इंटिग्रिटी असती तर? या प्रश्नाचं उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. सर्व्हरवर फाइल बदलू शकणारा माणूस पानातला हॅशही बदलू शकला असता. एका बदलाऐवजी त्याला दोन करावे लागले असते. पत्त्यांच्या यादीचंही तसंच. या कुलपांमुळे चोरी अशक्य होत नाही. ती दोन ठिकाणी दिसू लागते, एवढंच.

सोमवार, ३१ मार्च २०२५

पीसीआय डीएसएसच्या चौथ्या आवृत्तीतली दोन नवी कलमं बंधनकारक होतात. ६.४.३ प्रमाणे पैसे भरण्याच्या पानावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टची यादी ठेवायची आणि ती तिथे का आहे याचं लेखी कारण द्यायचं. यादी स्क्रिप्टची आहे. मंजूर झालेली स्क्रिप्ट कोणत्या बटणावर काय बांधते, याची नोंद मागितलेली नाही.

११.६.१ प्रमाणे ग्राहकाच्या ब्राउझरला मिळालेलं पान आणि त्याचे मथळे यांत अनधिकृत बदल झाला आहे का, हे तपासायचं. किती वेळाने तपासायचं, तर सात दिवसांतून किमान एकदा, किंवा कंपनीने स्वतःच्या जोखमीचा अभ्यास करून ठरवलेल्या अंतराने.

ऑगस्ट २०१८च्या सरासरीने सात दिवस म्हणजे १,१४,००० कार्डं.